फोबोसची चिमूटभर माती

आजवर माणसाने एकाच उपग्रहावरची माती घरी आणली आहे, ती म्हणजे आपल्या चंद्रावरची. अपोलोच्या सहा मोहिमांनी 1969 ते 1972 या काळात तिथून 382 किलो दगडमाती आणली, हे बहुतेकांना ठाऊक असते. माणूस न पाठवता, निव्वळ यंत्राकरवी माती आणण्याचे काम त्याच काळात सोव्हिएत संघाने करून दाखवले होते, ते मात्र फारसे कुणाच्या लक्षात नाही. 20 सप्टेंबर 1970 रोजी लूना-16 हे यान चंद्रावर उतरले. तिथे तेव्हा रात्र होती. यानाने आपला गिरमिट जमिनीत 35 सेंटीमीटरपर्यंत घातला, वर आलेली माती एका गोल कुपीत बंद केली, आणि चार दिवसांनी ती कुपी कझाकस्तानच्या माळरानावर पॅराशूटने उतरली. आत 101 ग्रॅम माती होती. पुढे 1972 मध्ये लूना-20 ने 55 ग्रॅम, आणि 1976 मध्ये लूना-24 ने दोन मीटर खोल जाऊन 170 ग्रॅम माती आणली. तिन्ही मिळून सव्वातीनशे ग्रॅम.

त्यानंतर चव्वेचाळीस वर्षे चंद्रावरून काहीच आले नाही. डिसेंबर 2020 मध्ये चीनच्या चांग'अ-5 ने 1,731 ग्रॅम माती आणली, आणि जून 2024 मध्ये चांग'अ-6 ने चंद्राच्या पलीकडच्या, पृथ्वीवरून कधीच न दिसणाऱ्या बाजूची 1,935 ग्रॅम माती आणून इतिहास घडवला. चंद्र पृथ्वीपासून सरासरी 3.84 लाख किलोमीटरवर आहे. आता जपानला जिथून माती आणायची आहे, तो उपग्रह अगदी जवळ येतो तेव्हाही सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरवर असतो. तो मंगळाचा चंद्र आहे, नाव फोबोस.

एवढा खटाटोप कशासाठी, हा प्रश्न रास्त आहे. यानावर उपकरणे बसवून मातीची तपासणी तिथल्या तिथे करता येत नाही का? करता येते, पण फार थोडी. यानावरच्या उपकरणाला वजनाची मर्यादा असते, विजेची असते, आणि उड्डाणाच्या कित्येक वर्षे आधी त्याचा आराखडा पक्का करावा लागतो. पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत याच्या उलट स्थिती असते. एकेक यंत्र अख्खी खोली व्यापते, धुळीचा एक कण कापून त्याचे पातळ काप वेगवेगळ्या देशांत पाठवता येतात, आणि एका तपासणीतून उपटलेला नवा प्रश्न दुसऱ्या दिवशी दुसऱ्या यंत्रापुढे मांडता येतो.

सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे आणलेली माती वाट पाहू शकते. अपोलो-15 आणि अपोलो-17 च्या मातीत ज्वालामुखीतून उडालेले बारीक काचेचे मणी होते. चंद्र पूर्ण कोरडा आहे असे तेव्हा सगळे धरून चालले होते, कारण त्या काळच्या यंत्रांना त्या मण्यांत पाण्याचा मागमूस सापडत नव्हता. 2008 मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाचे अल्बर्टो साल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच मणी जास्त सूक्ष्म मापनाच्या यंत्राखाली घातले, आणि त्यांत पाणी निघाले. चंद्रावर पुन्हा न जाता, तिजोरीत ठेवलेल्या मातीतून, जवळजवळ चाळीस वर्षांनी हा शोध लागला. आजच्या नमुन्यात उद्याच्या शास्त्रज्ञाचा वाटा असतो, तो असा.

मंगळाला दोन चंद्र आहेत. ऑगस्ट 1877 मध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत एसफ हॉल या खगोलशास्त्रज्ञाने सहा दिवसांच्या अंतराने दोन्ही शोधले. आधी डिमोस, मग फोबोस. हॉल कंटाळून शोध सोडण्याच्या बेतात असताना पत्नी अँजेलिन स्टिकनी यांनी त्यांना पुन्हा दुर्बिणीकडे पाठवले, असे सांगतात. फोबोसवरच्या सर्वांत मोठ्या विवराला त्यांचेच नाव आहे. स्टिकनी विवर सुमारे नऊ किलोमीटर रुंद आहे आणि फोबोसचा लांबीकडचा विस्तार आहे सत्तावीस किलोमीटर. म्हणजे ज्या धडकेने हे विवर पडले, ती आणखी थोडी जोराची असती तर फोबोस कदाचित उरलाच नसता.

फोबोसचे वागणे विलक्षण आहे. मंगळाच्या पृष्ठभागापासून तो जेमतेम सहा हजार किलोमीटरवर फिरतो आणि 7 तास 39 मिनिटांत एक फेरी पुरी करतो. मंगळाला स्वतःभोवती फिरायला त्याच्या तिपटीहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे मंगळावर उभे राहणाऱ्याला फोबोस पश्चिमेला उगवताना आणि पूर्वेला मावळताना दिसेल. फोबोसवरून पाहिले तर मंगळ आपल्या पूर्णचंद्राच्या सुमारे ऐंशीपट रुंद दिसेल आणि आकाशात एकाच जागी टांगल्यासारखा राहील, कारण फोबोसची एकच बाजू कायम मंगळाकडे असते. मंगळाच्या ओढीने फोबोस शंभर वर्षांत सुमारे 1.8 मीटर या गतीने खाली सरकतो आहे. तीन ते पाच कोटी वर्षांत तो मंगळावर कोसळेल, किंवा त्याआधीच फुटून मंगळाभोवती धुळीचे कडे तयार होईल. आपल्या मंगळयानानेही त्याला पाहिले आहे. 1 जुलै 2020 रोजी यानावरच्या रंगीत कॅमेऱ्याने सुमारे 4,200 किलोमीटरवरून फोबोसचे छायाचित्र घेतले, त्यात स्टिकनी विवर स्पष्ट दिसते.

हे दोन चंद्र आले कुठून, यावर अजून वाद चालू आहे. दोन्ही पक्षांकडे भक्कम पुरावा आहे, म्हणूनच वाद मिटत नाही.

पहिला पक्ष रंगावर बोट ठेवतो. फोबोस कोळशासारखा काळा आहे, अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी सात टक्क्यांच्या आसपासच तो परतवतो. त्याचा वर्णपट मंगळाच्या खडकांशी जुळत नाही, तो जुळतो सूर्यमालेच्या बाहेरच्या भागातल्या कार्बनयुक्त लघुग्रहांशी. त्याची घनता पाण्याच्या दुपटीहूनही कमी आहे, म्हणजे आत पोकळ्या बऱ्याच असणार. यावरून हे चंद्र मूळचे लघुग्रह आहेत, भटकत मंगळाजवळ आले आणि त्याच्या पकडीत सापडले, असे हा पक्ष म्हणतो.

दुसरा पक्ष कक्षा दाखवतो. वाटेत पकडलेल्या लघुग्रहाची कक्षा लांबट आणि कलती असायला हवी. फोबोस आणि डिमोस मात्र जवळजवळ वर्तुळाकार कक्षेत, मंगळाच्या विषुववृत्ताच्या पातळीत फिरतात. ही लक्षणे ग्रहाभोवतीच्या चकतीतून जन्मलेल्या चंद्राची आहेत. फार पूर्वी एखादा मोठा गोल मंगळावर आदळला, त्याचा मलबा मंगळाभोवती फिरू लागला आणि त्यातून हे चंद्र जमले, असे या पक्षाचे म्हणणे. आपल्या चंद्राच्या जन्माची आज मान्य असलेली कथाही अशीच आहे.

दुर्बिणीतून आणि जवळून जाणाऱ्या यानांतून जेवढे पाहता येईल तेवढे पाहून झाले. रंग एक सांगतो आणि कक्षा दुसरेच सांगते. माझ्या मते हा प्रश्न आता लांबून पाहण्याच्या पलीकडे गेला आहे. फोबोसची माती हातात आली तर मात्र निकाल लागू शकतो. तो लघुग्रह असेल तर मातीत पाणी धरून ठेवणारी चिकणमातीसारखी खनिजे आणि कार्बनची संयुगे सापडतील. तो धडकेतून जन्मला असेल तर खनिजे एकदा प्रचंड तापून वितळल्याच्या खुणा असतील आणि त्यात मंगळाचा अंश असेल. शेवटचा शब्द ऑक्सिजनच्या समस्थानिकांचा. ऑक्सिजनच्या तीन प्रकारच्या अणूंचे आपसातले प्रमाण मंगळाचे वेगळे असते, पृथ्वीचे वेगळे, कार्बनयुक्त लघुग्रहांचे वेगळे. तेवढ्या बारकाईने ते मोजायचे तर पृथ्वीवरची प्रयोगशाळाच हवी.

हा प्रयत्न याआधीही झाला आहे. सोव्हिएत संघाने जुलै 1988 मध्ये फोबोस-1 आणि फोबोस-2 ही जुळी याने सोडली. माती परत आणायचा बेत तेव्हा नव्हता, फोबोसवर छोटी उपकरणे उतरवायची होती. पहिल्या यानाला पृथ्वीवरून एक सदोष आज्ञा गेली, त्यामुळे सौरपट्ट्या सूर्याकडे वळवून ठेवणारी यंत्रणाच बंद पडली आणि यान विजेवाचून गेले. दुसरे मंगळाच्या कक्षेत पोचले, त्याने फोबोसची छायाचित्रे पाठवली आणि 27 मार्च 1989 रोजी, उपकरणे सोडण्याच्या अगदी तोंडावर, त्याचा संपर्क तुटला. रशियाने नोव्हेंबर 2011 मध्ये फोबोस-ग्रुंट हे तेरा टनांहून जड यान पाठवले. ते 200 ग्रॅमपर्यंत माती आणणार होते आणि सोबत चीनचा यिंगहुओ-1 हा छोटा उपग्रह मंगळाकडे नेणार होते. पृथ्वीची कक्षा सोडण्यासाठी जे इंजिन पेटायचे, ते पेटलेच नाही. यानावरचे संगणक अचानक पुन्हा सुरू झाल्याने हा घोळ झाला, असा निष्कर्ष रशियाच्या चौकशीत निघाला. दोन महिने पृथ्वीभोवती घिरट्या घालून 15 जानेवारी 2012 रोजी ते यान पॅसिफिक महासागरावर जळाले.

आता जबाबदारी जपानच्या जाक्सा या संस्थेने घेतली आहे. मोहिमेचे नाव आहे एमएमएक्स. दूरच्या छोट्या गोलांवरून माती आणण्यात जपानचा हात धरणारा देश मिळणे कठीण. हायाबुसा हे यान 2010 मध्ये इतोकावा लघुग्रहावरून दीड हजारांवर सूक्ष्म कण घेऊन आले. वाटेत त्याची इंजिने बिघडली, इंधन गळले, कित्येक आठवडे संपर्क तुटला, तरी त्याला घरी आणले गेले. हायाबुसा-2 ने डिसेंबर 2020 मध्ये र्‍युगू लघुग्रहाची 5.4 ग्रॅम माती आणली. एमएमएक्सला किमान 10 ग्रॅम आणायची आहे. नासा, युरोपीय अंतराळ संस्था, फ्रान्स आणि जर्मनी यांचाही मोहिमेत सहभाग आहे. हे यान सप्टेंबर 2024 मध्ये निघणार होते. पण त्याला नेणारे जपानचे नवे एच-3 रॉकेट मार्च 2023 मधल्या पहिल्याच उड्डाणात अपयशी ठरले. मंगळाकडे जाण्याची सोयीची वेळ साधारण सव्वीस महिन्यांतून एकदाच येते, त्यामुळे रॉकेटची खात्री पटेपर्यंत थांबायचे ठरले आणि उड्डाण 2026 च्या अखेरीकडे ढकलले गेले. माती पृथ्वीवर येईल ती 2031 मध्ये, असा आराखडा आहे.

या मोहिमेची खरी कसोटी लागते ती फोबोसच्या दुबळ्या गुरुत्वाकर्षणाशी. तिथले गुरुत्व पृथ्वीच्या सतराशेव्या भागाएवढे आहे. साठ किलोच्या माणसाचे वजन तिथे 35 ग्रॅमच्या आसपास भरेल. पन्नास मीटरवरून सोडलेला दगड पृथ्वीवर तीन सेकंदांत जमिनीवर येतो, फोबोसवर त्याला दोन मिनिटांहून जास्त लागतील. ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने फेकलेला चेंडू तिथे परत येईलच याची खात्री नाही.

म्हणून फोबोसभोवती नेहमीसारखी कक्षाही धरता येत नाही. मंगळ इतका जवळ आणि इतका वजनदार आहे की फोबोसच्या पृष्ठभागापासून जेमतेम काही किलोमीटर वर गेले की तिथे मंगळाचेच राज्य सुरू होते. यावर गणितज्ञांनी काढलेला तोडगा फार सुंदर आहे. यान फोबोसभोवती फिरतच नाही, ते फोबोससारखेच मंगळाभोवती फिरते, तितक्याच वेळात फेरी पुरी करते, फक्त त्याची कक्षा किंचित लांबट असते. देवळाला प्रदक्षिणा घालणाऱ्या दोघांची कल्पना करा. दोघांची फेरी एकाच वेळी पुरी होते, पण त्यातला एकजण कधी गाभाऱ्याच्या भिंतीलगत आत येतो तेव्हा झपाझप पुढे जातो, आणि कधी बाहेरच्या अंगाने जाताना रेंगाळून मागे पडतो. दुसऱ्याला तो आधी उजवीकडे, मग पुढे, मग डावीकडे, मग मागे दिसेल, जणू आपल्याच भोवती फिरतो आहे. एमएमएक्स फोबोसला असेच दिसत राहील. या मार्गावरून त्याला पृष्ठभागाचा तपशीलवार नकाशा करायचा आहे, आणि गॅमा किरण व न्यूट्रॉन मोजणाऱ्या नासाच्या उपकरणाने तिथे कोणती मूलद्रव्ये आहेत ते पाहायचे आहे.

मोठे यान उतरण्याआधी इडेफिक्स नावाची पंचवीस किलोची गाडी खाली सोडली जाईल. ती फ्रान्स आणि जर्मनीने बनवली आहे. ती पडेल, उसळेल, गडगडेल, थांबेल, मग स्वतःला सरळ करून चार चाकांवर उभी राहील. एवढ्या कमी गुरुत्वात चाकावर चालणारी गाडी याआधी कुणी चालवलेली नाही. ती चाकांखालच्या मातीकडे कॅमेरे रोखून बघेल, कारण इंजिनिअरांना एक साधी गोष्ट आधी कळायला हवी आहे: ही जमीन घट्ट आहे की पाय ठेवताच यान धुळीत रुतेल?

मग यान स्वतः उतरेल. मंगळावरून पृथ्वीपर्यंत संदेश पोचायला तीन ते बावीस मिनिटे लागतात, तेव्हा उतरताना पृथ्वीवरून कुणी हात देऊ शकणार नाही, सगळे निर्णय यानालाच घ्यावे लागतील. फोबोसवरचा दिवस जेमतेम पावणेचार तासांचा, त्यामुळे ऊन आहे तोवर काम उरकून पुन्हा उडायला हवे. यानावरच्या यांत्रिक हाताला कॅमेरा आहे. जागा निवडली की हात खाली वाकतो आणि त्याच्या टोकाची नळी झटक्यात जमिनीत घुसते, दोन सेंटीमीटरहून खोल. गिरमिट फिरवत बसायची सोय नाही, कारण इतक्या हलक्या जागी गिरमिटाऐवजी यानच फिरू लागेल. भरलेली नळी हात वर उचलतो आणि परतीच्या कुपीत ठेवतो. दुसरी युक्ती अमेरिकेच्या हनीबी रोबोटिक्स या कंपनीची, ती यानाच्या पायालाच बसवलेली आहे. दाबाखालचा वायू जमिनीवर फुंकायचा आणि उडालेली धूळ डब्यात ओढून घ्यायची. नळीतून जुनी, खालची माती मिळेल आणि वायूच्या फुंकरीतून वरवरची. दोन पद्धती ठेवण्यामागे खबरदारी आहेच, शिवाय विज्ञानही आहे. वरच्या थरावर अब्जावधी वर्षे सौर वाऱ्याचा आणि उल्कांच्या धुळीचा मारा झालेला आहे, खालचा थर त्यामानाने अस्सल.

या मातीत एक जादा लाभ दडलेला आहे आणि मला त्याचेच सर्वाधिक अप्रूप वाटते. मंगळावर उल्का आदळते तेव्हा तिथले खडक उडतात आणि त्यातले काही फोबोसवर जाऊन पडतात. फोबोस इतका जवळ आहे की त्याच्या मातीत दर हजार भागांत एक भाग मंगळाचा असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. दहा ग्रॅममध्ये तो जेमतेम दहा मिलिग्रॅम झाला, पण ते कण मंगळाच्या कुठल्या एका जागेचे नसतील, आणि कुठल्या एका काळाचेही नसतील. मंगळावरून थेट खडक आणण्याची नासा आणि युरोपची मोहीम खर्चाच्या ओझ्याखाली रखडली आहे. पर्सिव्हिअरन्स गाडीने नळ्यांत भरून ठेवलेले नमुने तिथेच पडून आहेत. अशा वेळी मंगळाचा हा अंश त्याच्या चंद्राकडून मिळेल, आणि त्यासाठी मंगळाच्या खोल गुरुत्वात उतरून पुन्हा वर चढण्याचा खर्च करावा लागणार नाही. फोबोसवर जीवजंतू जिवंत राहण्याची शक्यता नगण्य असल्याने कॉस्पर या आंतरराष्ट्रीय समितीने या नमुन्यांवर विलगीकरणाची सक्तीही केलेली नाही.

आता आपल्याकडे वळू. 18 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-4 ला मंजुरी दिली. खर्च 2,104 कोटी रुपये. चंद्रावर उतरायचे, माती घ्यायची, तिथून उडायचे, कक्षेत दुसऱ्या यानाला जोडून माती त्याच्या हवाली करायची आणि ती पृथ्वीवर आणायची, असा हा बेत आहे. एका रॉकेटला एवढे ओझे पेलणार नाही म्हणून एलव्हीएम-3 ची दोन उड्डाणे होतील. यातल्या काही पायऱ्यांची रंगीत तालीम झालेली आहे. 3 सप्टेंबर 2023 रोजी चांद्रयान-3 च्या विक्रम या उतरलेल्या यानाने इंजिन पुन्हा पेटवून चंद्रावरच सुमारे 40 सेंटीमीटर उंच उडी मारली. त्याच मोहिमेचा प्रणोदन भाग चंद्राच्या कक्षेतून पृथ्वीच्या कक्षेत परत आणला गेला. 16 जानेवारी 2025 रोजी स्पेडेक्स मोहिमेत दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडले गेले.

चंद्राची माती भारतीय शास्त्रज्ञांना नवी नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अपोलोच्या मातीवर काम केले. त्या मातीच्या कणांत वैश्विक किरणांनी सोडलेले सूक्ष्म ओरखडे मोजून ती माती किती काळ उघड्यावर पडली होती, हे त्यांनी शोधले. लाल पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत गेले. नरेंद्र भंडारी, जितेंद्रनाथ गोस्वामी आणि लाल यांनी लूना-16 आणि लूना-20 च्या मातीवरही असेच संशोधन 1973 मध्ये प्रसिद्ध केले. ते सारे दुसऱ्यांनी देऊ केलेल्या नमुन्यांवर. या वेळी माती आपली असेल, आणि ती राखण्याची जबाबदारीही आपली.

जपानने सागामिहारा इथे नमुन्यांसाठी स्वतंत्र कक्ष उभारला आहे. र्‍युगूचे कण तिथे निर्वात आणि शुद्ध नायट्रोजनच्या कोठड्यांत ठेवले आहेत, प्रत्येकाची नोंद आहे, आणि जगातला कुठलाही संशोधक रीतसर प्रस्ताव पाठवून त्यातले कण मागू शकतो. अपोलो-17 ने 1972 मध्ये सीलबंद करून आणलेली एक नळी तर नासाने मार्च 2022 मध्ये उघडली, पन्नास वर्षे धीर धरून. चांद्रयान-4 चे यान तयार होत असतानाच असा कक्ष आणि असे नियम आपल्याकडेही तयार व्हायला हवेत. इस्रोला विनंती एवढीच की ती माती फक्त दोन-चार मोठ्या संस्थांच्या कपाटात बंद राहू नये. पुणे, नागपूर, गोवा, गुवाहाटी, कुठल्याही विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला चांगला प्रश्न घेऊन तिचा एक कण मागता यावा, आणि मातीचा एक ठरलेला हिस्सा न उघडता पुढच्या पिढीसाठी राखून ठेवावा.